पाहुणे येऊ द्या, पण यादी आपण वाचायची

(ज्याला वाचता येतं त्याने हे पान चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावं. बायांना आधी बोलवावं.)



मागच्या महिन्यात किनवट भागातल्या आपल्या एका गावात जीप आली. जीपमधून दोन परदेशी पोरी, एक पोरगा आणि शहरातल्या एका संस्थेचा माणूस उतरला. जंगलातल्या पट्ट्यावरून ज्यांना हुसकलं, ती घरं या गावाच्या कडेला पालं ठोकून राहतात. त्यांच्यासाठी काम करायचं म्हणाले. बायांना शिलाई मशीन, तरुण पोरांना तीन महिन्यांचं शिक्षण. परदेशी स्वयंसेवक येतील, सहा महिने राहतील, मंग दुसरे येतील. पुरुष लगेच हो म्हणाले. पोरंही हो म्हणाली. बाया गप्प बसल्या. शेवटी एक म्हातारी बोलली, "मशीन ठेवू कुठं? घर तर पाडलं."

आता हा प्रश्न संघटनेच्या बैठकीत आला आहे. हो म्हणायचं की नाही? बैठकीत दोन तट पडले. काही जण म्हणतात, परदेशी माणूस म्हणजे कंपनीचा नाहीतर धर्मवाल्यांचा, हाकलून द्या. काही जण म्हणतात, सरकार काही देत नाही, मंग जो देतो त्याला कशाला अडवता? आम्हा तरुण कार्यकर्त्यांचं मत दोन्हींपेक्षा वेगळं आहे, म्हणून लिहितो. पाहुण्याला हार घालायचा नाही आणि दगडही मारायचा नाही. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, "बाबा, तू कुणाचं काम करायला आलास? तू गेल्यावर ते काम कोण करणार?"

हे आम्ही हवेत बोलत नाही. दोन ठिकाणचा अनुभव सांगतो.

पहिला नर्मदेचा. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत आपल्याच भिल्ल, पावरा भावांची ३३ गावं सरदार सरोवराच्या पाण्यात जाणार होती. त्या धरणाला जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. गावांनी मोर्चे काढले, उपास केले, 'डुबेंगे पर हटेंगे नहीं' म्हणून मणिबेलीत ठाण मांडलं. तेव्हा परदेशातली माणसं त्यांच्या बाजूने उभी राहिली. पण ती कशी, हे नीट समजून घ्या. जपानमधल्या लोकांनी आपल्या सरकारला जाब विचारला, तेव्हा १९९० साली जपानने त्या धरणाच्या यंत्रांसाठीचा पैसा थांबवला. बँकेला स्वतःच्याच कामाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स त्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्याबरोबर थॉमस बर्जर होते, ज्यांनी कॅनडात तिथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीतून जाणाऱ्या पाइपलाइनची चौकशी केली होती. ही माणसं गावात फिरली, लोकांचं ऐकलं. जून १९९२ मध्ये त्यांनी लिहून दिलं की आता जे चाललंय त्यात पुनर्वसन नीट होणं शक्य नाही, बँकेने मागे सरावं. मार्च १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज आपल्या सरकारला सोडावं लागलं.

धरण त्याने थांबलं नाही, खरं आहे. लढाई त्यानंतरही चालू राहिली. पण बाहेरच्या माणसाचं मोलाचं काम कोणतं ते त्यातून कळतं. त्यांनी मणिबेलीत येऊन शाळेला रंग दिला असता तर कर्ज थांबलं असतं का? त्यांनी आपापल्या देशात, आपापल्या भाषेत, आपल्या सरकारला आणि बँकेला प्रश्न विचारले. जे आपल्याला किनवटच्या डोंगरातून करता येत नाही, ते त्यांनी केलं. आणि शाळेचं म्हणाल तर चिमलखेडीला, निमगव्हाणला गावांनी स्वतःच्या जीवनशाळा काढल्या. तिथं आदिवासी पोरांना त्यांच्या भाषेतून शिकवायला सुरुवात झाली. नदीकाठचं काम गावाने केलं, दूरचं काम दूरच्यांनी. ही वाटणी आम्हाला पटते.

दुसरा अनुभव लातूरचा, तो तर घराजवळचा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्यातले दोघे तेव्हा बारावीला होते. कॉलेजच्या पोरांबरोबर ते मदतीला गेले. देशातून, परदेशातून माणसं आली होती. त्यांची भाषा कळत नव्हती, पण दगड उचलून त्यांच्या हाताला फोड आलेले दिसत होते. त्या फोडांना आम्ही कधी नावं ठेवणार नाही. संकटाच्या वेळी जो धावून येतो तो आपला.

पण दगड उचलायचं काम काही दिवसांचं. खरं काम त्यानंतर सुरू झालं. ५२ गावं उचलून दुसरीकडे वसवायची ठरली. तिथले लोक बहुतेक आदिवासी नाहीत, शेतकरी आणि मजूर आहेत. पण उठून दुसऱ्या जागी जायचं दुःख जात विचारून येत नाही. नव्या गावात घर केवढं द्यायचं? ज्याची जमीन जास्त त्याला ७५० चौरस फूट, मधल्याला ४००, आणि भूमिहीन, अल्पभूधारकाला २५०. जुन्या गावात ज्याचं जे होतं, तेच नव्या गावात सिमेंटमध्ये पक्कं झालं. भूकंपाने सगळ्यांना एका रांगेत आणलं होतं, कागदाने पुन्हा वेगळं केलं. हा कागद बनत होता तेव्हा दगड उचलणारे हात परत गेले होते.

लातुरात चांगलंही घडलं, तेही सांगितलं पाहिजे. जी गावं हलवली नाहीत, तिथं पडझड झालेली घरं लोकांनीच दुरुस्त आणि मजबूत करायची, सरकारने हप्त्याने पैसा द्यायचा असं ठरलं. हजाराच्या वर गावांत हे काम झालं. यात जागतिक बँकेचंच कर्ज होतं. नर्मदेवरून निघालेली बँक पुढच्याच वर्षी लातूरला आली! इथं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावागावांतल्या बायांना 'संवाद सहायक' केलं. या बाया परक्या नाहीत. त्याच गावच्या सुना, विधवा, मजुरी करणाऱ्या. हप्ता कधी येतो, इंजिनीअरने काय करायला पाहिजे, भिंतीत काय घातलं म्हणजे ती पुन्हा पडणार नाही, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. जी बाई साहेबासमोर पदर तोंडावर घ्यायची, ती साहेबाला विचारू लागली, "आमच्या गावचा हप्ता का अडला?" बाहेरची संस्था उद्या गेली तरी ही बाई गावातच राहणार. शिकलेलं तिच्याजवळ राहणार.

आता आपल्याकडे या. विस्थापित बाई आणि तरुण पोरगं यांचं खरं दुखणं काय? मशीन नाही, हे दुखणं नाही. यादीत नाव नाही, हे दुखणं आहे.

नर्मदेच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला. मुलगी नाही धरली. जमीन कसणारी, मोहफुलं वेचणारी, पाणी भरणारी बाई 'कुटुंब' नाही! आपल्याकडेही तेच. वनजमिनीवरच्या जुन्या कसणुकीचा विचार करायचा, असं केंद्र सरकारच्या १८ सप्टेंबर १९९० च्या परिपत्रकात होतं. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासूनची कसणूक असेल तर ती कायम करता येत होती. मंग पुरावा मागतात. आपल्याजवळ पुरावा काय, तर दंडाच्या पावत्या. त्या पावत्या कुणाच्या नावाच्या? बाप्याच्या. बापा मेला, की त्याची बायको पावती घेऊन दारोदार. नवऱ्याने टाकलेली असेल तर पावतीसुद्धा नाही. आणि १९८० साली जे पोरगं पाळण्यात होतं, ते आज बायकापोरांचं झालं, त्याच्या नावाने कुठंच काही नाही. ते मंग ऊसतोडीला जातं नाहीतर आदिलाबादकडे कामाला जातं.

अशा घराला तीन महिन्यांचं शिक्षण आणि शिलाई मशीन दिलं, फोटो काढला, तर काय होईल? साहेब म्हणतील, "यांचं पुनर्वसन झालं की!" जमिनीचा प्रश्न मशीनखाली झाकला जाईल. आम्हाला भीती याची आहे. परदेशी पोरींच्या मनात खोट आहे असं आम्ही म्हणत नाही. त्यांना हे कुणी सांगितलंच नसेल. सांगायचं काम आपलं.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव हे करतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं ते म्हणतात. बाहेरून आलेल्या माणसाबरोबर ते अभ्यास गटात बसतात. बाहेरचा माणूस माहिती देतो, वाद घालतो, शिकवतो, शिकतो. पण निर्णय गावसभा घेते, आणि तो सगळ्यांच्या एकमताने. बाहेरच्याला त्यात मत नाही.

आता कायदाही थोडा आपल्या बाजूला आला आहे. २४ डिसेंबर १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा नवा कायदा लागू झाला. आपला किनवट भाग १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहे. विकासाच्या प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी आणि उठवलेल्या माणसांना वसवण्याआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घेतला पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. 'सल्ला' लिहिलं आहे, 'परवानगी' नाही, हे विसरू नका. पण ज्या गावाची सभाच भरत नाही त्याला सल्ला तरी कोण विचारणार? पैनगंगेवर खालच्या अंगाला धरण बांधायची गोष्ट जुनी आहे. उद्या ती आपल्या दारात आली तर त्या दिवशी सभा भरवायला शिकणार का आपण?

म्हणून आमचं म्हणणं असं, की त्या पाहुण्यांना या अटींवर हो म्हणावं:

१) आधी गावसभा. पालातल्या बाया आल्याशिवाय सभा सुरू करायची नाही. बोलणं गोंडी, कोलामी, मराठी, जे बाईला कळतं त्यात.

२) पैसा किती, कुणाचा, कुणाच्या हातात, हे शाळेच्या फळ्यावर लिहायचं.

३) पहिलं काम यादीचं. विधवा, टाकलेल्या बाया, सज्ञान पोरं आणि पोरी, सगळ्यांची नावं घ्यायची. म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचे. लिहिणारे आपलेच शिकलेले पोरंपोरी असतील, पाहुण्यांनी त्यांना मदत करावी.

४) येणाऱ्याने एक पावसाळा तरी काढावा. उन्हाळ्यात पाहिलेलं गाव अर्धंच असतं.

५) विचारल्याशिवाय फोटो नाही.

६) मोर्च्यात पाहुण्याला पुढे करायचं नाही. त्याला विमानात बसवून देतील, केस आपल्यावर राहील.

७) आपल्या देशात गेल्यावर त्याने बोलावं. कुठली बँक, कुठली कंपनी आपल्या जंगलावर पैसा लावते, ते शोधून आपल्याला कळवावं. त्याची खरी मदत ही.

शेवटी आपल्या घरातलं. ही यादी करायला परदेशी पोरगी कशापायी लागते? आम्ही दहावी-बारावी झालेले इतके जण आहोत. आम्ही मोर्च्यात घोषणा देतो, पण पालात बसून एका विधवेचा अर्ज आमच्यातल्या कितींनी लिहिला? संघटनेच्या बैठकीत बाया भाकरी करतात आणि आम्ही ठराव करतो. त्या म्हातारीचा प्रश्न कुणी ठरावात लिहून घेतला का? नाही घेतला. ही चूक आमची आहे. परदेशी माणूस समुद्र ओलांडून पालात येतो आणि आम्ही ओढा ओलांडत नाही, तर मंग त्याला नावं ठेवायचा हक्क आम्हाला कसा?

येत्या अमावास्येनंतरच्या बाजाराच्या दिवशी त्या गावात सभा आहे. पाहुणेही येणार आहेत. सगळ्या गावांतून दोन बाया आणि दोन तरुण यावेत. दंडाच्या पावत्या, राशनकार्ड, जुने कागद फडक्यात बांधून आणावेत. कागद नसेल तर म्हातारं माणूस आणावं. आम्ही वही-पेन घेऊन बसतो. पहिलं नाव त्या म्हातारीचं लिहू.

जमीन कसणाऱ्याची, जंगल राखणाऱ्यांचं!
जोहार!

— संघटनेचे तरुण कार्यकर्ते, किनवट भाग