जीवनमानाची पाहणी कोणत्या महिन्यात करावी?

खेड्यातील माणसाचे जीवनमान कसे मोजावे, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून तिचा वृत्तान्त १९१७ साली प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे, कर्ज, कुटुंबाचा जमाखर्च, सर्वांची त्यात नोंद आहे. परंतु हे गाव पुण्याच्या व खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या जवळचे. तेथील मजुरीचा पैसा गावात येत असे. म्हणून त्यांनी शहरापासून दूरचे, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक निवडले व १९२१ साली दुसरा वृत्तान्त काढला. (पिंपळे सौदागरात आज शेतापेक्षा इमारतीच अधिक दिसतात.)

पुढे १९७१ साली दांडेकर व रथ यांनी दरडोई रोज २,२५० उष्मांक मिळण्यास किती खर्च लागतो, यावरून दारिद्र्याची रेषा आखली. १९९० पासून संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल उत्पन्नाच्या जोडीस आयुर्मान व शिक्षण धरू लागला. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात तर बारा बाबी असून पिण्याचे पाणी ही त्यांपैकी एक आहे. पाणी आणण्यास जाऊन-येऊन अर्धा तास वा अधिक चालावे लागले, तर ते कुटुंब त्या बाबतीत वंचित समजतात. कसोटी उत्तम आहे. पण ती लावावयाची कधी?

चांदवड तालुक्यातील कोणत्याही कोरडवाहू गावाचा विचार करावा. कार्तिकात विहिरीस पाणी असते. त्या वेळी विचारणारास पाणी दाराशीच आहे, असे खरे उत्तर मिळेल. चैत्र-वैशाखात उन्हाळ कांदा काढून चाळीत भरला जातो, घरात चार पैसे येण्याची आशा असते, आणि नेमका त्याच वेळी विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणजे उत्पन्नाची बाजू भरते तेव्हा पाण्याची रिती होते. एका घरी वर्षातून एकदाच जाणाऱ्या पाहणीस हे कसे उमगावे? पीक कापणी प्रयोगात हंगाम साधल्याखेरीज उत्पादनाचा आकडा आपण मान्य करीत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण तेवढे काटेकोर नाही.

याशिवाय उत्तर देतो बहुधा घरचा कर्ता, आणि हंडा वाहते घरातील स्त्री. तिला विचारल्याविना मिनिटांचा हिशेब लागणार नाही.

तेव्हा त्याच घरांस कार्तिकात व वैशाखात अशा दोन भेटी द्याव्यात, असे माझे मत आहे. खर्च वाढेल, हा आक्षेप खरा. परंतु घरांची संख्या कमी केली तरी चालेल. निम्म्या घरांची दोन्ही ऋतूंतील माहिती मला दुप्पट घरांच्या एकवेळच्या माहितीहून अधिक मोलाची वाटते. तोवर वाचक शेतकरी बंधुभगिनींनी निदान आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या तारखेस आटले, टँकर प्रथम केव्हा आला आणि एका खेपेस किती वेळ लागला, एवढे वहीत टिपून ठेवावे व ती वही ग्रामसभेत दाखवावी.