डिजिटल रेडिओ : शेतकऱ्याने नवा संच घ्यावा का?

ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरसह १३ मोठ्या शहरांतील खासगी एफएमसाठी डिजिटल प्रसारणाची शिफारस केली. शिवारात त्याचा उपयोग किती, हे तपासू.

अमेरिकेतील एचडी रेडिओत जुने एफएम चालूच राहते आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर जादा डिजिटल वाहिन्या बसतात. केंद्राला हवामान व बाजारभावाची स्वतंत्र वाहिनी देता येते. मात्र तिथे डिजिटल सिग्नलची शक्ती एफएमच्या केवळ १ टक्का होती. २०१० मध्ये १० टक्क्यांपर्यंत परवानगी मिळाली. सिग्नल तुटला की मुख्य वाहिनी एफएमवर येते, जादा वाहिनी मात्र थेट बंद पडते. म्हणजे शहरापासून लांबच्या गावात तीच आधी गप्प होते.

आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम तंत्र आणले. पण त्याचे संच मुख्यतः मोटारींतच आले. मोटार घेऊन कोणी फवारणीला जात नाही.

सल्ला : सध्या नव्या संचावर खर्च टाळावा. दुहेरी प्रसारणात जुना संच चालतो. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतीचे कार्यक्रम मुख्य वाहिनीवरच राहावेत, असा आग्रह धरावा.