गाडीतला टेप : वायर कापू नका, कप्लर लावा

आपल्या समाजात गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे कारीगर पुष्कळ आहेत आणि मालासाठी गाडी बाळगणारे व्यापारीही पुष्कळ आहेत. या दोघांच्या संगनमताने एक वाईट सवय रुजली आहे, तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. जुना टेप काढून नवा बसवायचा म्हटले की पहिले हत्यार हातात येते ते पक्कड. कंपनीचा कप्लर कापला जातो, वायरी सोलून एकमेकींना पिळल्या जातात, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली की हिशेब मिटतो. व्यापारी खूश, कारण मजुरी कमी लागली. कारीगर खूश, कारण दुसरे गिऱ्हाईक उभे आहे.

पण मालेगाव-धुळ्याकडचा उन्हाळा आला की त्या चिकटपट्टीचा गोंद पातळ होतो. सांधा उघडा पडतो, हादऱ्याने लोखंडाला टेकतो आणि फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला धागा. तो तुटावा म्हणूनच असतो. त्याच्या जागी पक्का धागा घातला तर तापते ती आतली वायर, आणि गाडीत भरलेले असतात कापडाचे गठ्ठे.

माझे मत असे आहे की साधा टेप व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने बसवावा. (टेप म्हटले की आमचे काही बुजुर्ग भुवया उंचावतील. पण कारी अब्दुल बासित यांच्या किरअतीच्या कॅसेटी याच टेपवर ऐकल्या गेल्या. आता तीच तिलावत पेन ड्राइव्हवर मिळते, आणि पार्टीचा फोन आला तर ब्लूटूथवर बोलता येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरणे मोटार वाहन कायद्याने धोकादायक वाहन चालवण्यात मोजले जाते.) यात शरम कसली? पैगंबर (स.) स्वतःचे जोडे स्वतः शिवत असत, हे आपण मुलांना सांगतो आणि स्वतः चार स्क्रू फिरवायला माणूस बोलावतो.

काम कठीण नाही. साध्या टेपचे तोंड 180 बाय 50 मिलिमीटर आणि मोठ्या स्क्रीनचे बहुधा 180 बाय 100, हे माप जगभर चालते. वॅगन-आर, इंडिका अशा गाड्यांत फार अडत नाही. जुन्या स्विफ्टसारख्या गाडीत कंपनीचा टेप डॅशबोर्डच्याच आकारात घडवलेला असतो, तिथे वेगळी फ्रेम घ्यावी लागते. दुकानात गाडीचे मॉडेल आणि साल सांगून जोडकप्लर मागावा. एका टोकाला गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि दुसऱ्या टोकाला नव्या टेपच्या वायरींना जुळणारा तुकडा, इतकेच ते असते. काही शे रुपयांची ही वस्तू वाचवण्यासाठी हजारो रुपयांची वायरिंग कापली जाते.

आधी बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर सोडावी. काही गाड्यांत बॅटरी सोडल्यावर जुना टेप कोड मागतो. तो परत वापरायचा असेल तर कोड आधी शोधून ठेवावा. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्याला टेपसोबतची इंग्रजी पुस्तिका जड जाते, पण वायरींचे रंग कोणालाही वाचता येतात. कापडवाल्याला तर जास्तच. बहुतेक नव्या टेपमध्ये पिवळी वायर कायम करंटची, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशने लक्षात राहतात. लाल चावीवर चालू होणारी. काळी अर्थिंगची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती निगेटिव्ह. मात्र हे रंग टेपचे. गाडीच्या बाजूचे रंग कंपनीगणिक निराळे असतात, म्हणून रंगाला रंग जोडत जाऊ नये. जोडकप्लर घ्यायचा तो यासाठीच.

दोन गोष्टी विसरू नयेत. लाल आणि पिवळी एकत्र पिळली तर चावी काढल्यावरही टेप जागा राहतो आणि दोन-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. ही चलाखी बाजारात सर्रास चालते. दुसरे, स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला कधीही टेकवू नये. आजच्या टेपमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी टेपपर्यंत याव्या लागतात, नाहीतर आवाजाचा आयसी जळतो. टेप आत ढकलण्यापूर्वी चारही स्पीकर ऐकावेत, चावी काढून परत लावावी आणि घड्याळ टिकले का पाहावे. मागच्या बाजूला आधाराची पट्टी बसवावी. आपल्या रस्त्यांवर पुढच्या फ्रेमच्या भरवशावर टेप फार दिवस टिकत नाही.

ज्या गाडीत स्टिअरिंगवर बटणे आहेत, मागचा कॅमेरा आहे, तिथे हात घालू नये. एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरला तर स्पर्शही नको. ते उस्तादाचे काम.

कोणी म्हणेल, व्यापारी स्वतःच फिटिंग करू लागले तर वायरिंगवाल्या पोरांनी खायचे काय? सवाल रास्त आहे. पण त्यांची रोजी कप्लर खोचण्यात नाही. कुठे करंट येतो, कुठे तुटतो, हे दिव्याने शोधणे हे खरे हुनर आहे आणि त्याला नेहमी मागणी राहील. त्यांचे गिऱ्हाईक तुटते आहे ते कापाकापीमुळे. छेडलेल्या वायरिंगने झालेल्या बिघाडाला गाड्यांच्या कंपन्या सहसा वॉरंटी देत नाहीत, म्हणून नवी गाडी घेतलेला माणूस रस्त्यावरच्या दुकानापुढे थांबतच नाही. ज्या पोराने दुकानात कप्लरांचा डबा ठेवला, पाटीवर ‘वायर न कापता फिटिंग’ लिहिले आणि पक्के बिल दिले, त्याने जास्त मजुरी मागितली तर ती त्याचा हक्क आहे. तिथे घासाघीस करणारा व्यापारी पुढच्या वेळी पुन्हा पक्कडच पाहील.

बिलाचा मुद्दा आणखी एका कारणाने. जुना टेप स्वस्तात मिळतो म्हणून बिनबिलाचा घेऊ नये. चोरीचा माल जाणून घेणे शरीयतमध्ये नाजायज आहेच, आणि पूर्वी दंडविधानाच्या कलम 411 खाली येणारा हा गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली येतो.

काढलेला कंपनीचा टेप फेकू नये. तो, त्याची फ्रेम आणि स्क्रू एका पिशवीत बांधून ठेवावेत. पुढे गाडी विकताना नवा टेप काढून घ्यायचा असेल, तर जुना पुन्हा बसवता येतो. कंपनीचा कप्लर शाबूत असतो.