‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. मंडळांच्या बैठका सुरू झाल्या आहेत, पावतीपुस्तकं छापून आली आहेत आणि आरोग्य शिबिर कोणत्या दिवशी ठेवायचं याचीही चर्चा चालू असेल. त्या शिबिरात यंदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूसाठी जागा करा, ही विनंती करायला मी हे लिहिते आहे. मी एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. तिथे जे रोज बघते, त्यावरून सांगते की आता थांबून चालणार नाही.

साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे जवळपास 88 लाख माणसं. यातली बहुतेक डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. जी पोहोचतात ती फार उशिरा, कारण घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं की वय झालं, आता हे चालायचंच.

एका उन्हाळ्यात एक सूनबाई सासऱ्यांना रिक्षात घालून घेऊन आल्या. आजोबा चार दिवसांपासून असंबद्ध बोलत होते. रात्री उठून वारलेल्या भावाला हाका मारायचे, घरातल्यांना ओळखत नव्हते. “डॉक्टर, आमच्या दादांचं आता काही खरं नाही. चळ लागलाय त्यांना,” असं त्या रडत सांगत होत्या. रक्त तपासलं तर सोडियम खूपच खाली गेलेलं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यात कडक उन्हाळा, जेवण निम्म्यावर आलेलं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ पूर्ण बंद केलेलं. दवाखान्यात दाखल करून सोडियम हळूहळू वर आणलं. पुढच्या आठवड्यात आजोबा पेपर वाचत बसले होते आणि माझ्याकडे ऊसदराची तक्रार करत होते. आणखी दोन दिवस घरीच काढले असते तर ते वाचले असतेच असं मी म्हणू शकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट सांगते, ती घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. डिमेन्शिया सहसा महिन्या-वर्षांत सावकाश येतो. कालपर्यंत बरा असलेला माणूस दोन-चार दिवसांत बरळायला लागला, तर ते म्हातारपण नाही, तो तातडीचा आजार आहे. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, साखर एकदम उतरणं, नवी सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. बाथरूममध्ये पाय घसरून डोक्याला मार बसला असेल, तर आत हळूहळू रक्त साचून कित्येक आठवड्यांनीही माणूस गोंधळतो, म्हणून ते पडणं डॉक्टरला आठवणीने सांगा. आणि तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सीटी स्कॅन असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आजच माहीत करून घ्या.

सावकाश वाढणाऱ्या विसराळूपणातही बरं होण्याजोगी कारणं दडलेली असतात. थायरॉइड मंदावलेला असतो. बी 12 कमी असतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते फार आढळतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत किंवा रोज पित्ताची गोळी घेणाऱ्यांत आणखी. जोडीदार गेल्यावर गप्प झालेली बाई विसरभोळी वाटते, पण ते नैराश्य असतं आणि त्यावर उपचार आहेत. या तपासण्या साध्या आहेत, तालुक्याच्या गावीही होतात.

नाव पटकन न आठवणं आणि संध्याकाळी आठवणं, हे वयाचं आहे. त्याची भीती बाळगू नका. पण चाळीस वर्षं पुरणपोळी करणारी बाई डाळ शिजवून ओट्याशी उभी राहिली आणि पुढे काय करायचं तेच सुचेना, रोजच्या मंडईतून परतताना घराची गल्ली चुकली, बँकेच्या पासबुकाचा हिशेब कायम नीट ठेवणारे वडील एकाच बिलाचे पैसे दोनदा भरू लागले, तर डॉक्टरकडे जा. परदेशातल्या आणि मोठ्या शहरांतल्या मुलांना मुद्दाम सांगते की दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर हे कळत नाही. तेवढा वेळ आईवडील छान सावरून घेतात. ‘जेवलात का’ याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. काल कोण आलं होतं, काय स्वयंपाक केला होता, ते विचारा, आणि शेजारच्या काकूंनाही अधूनमधून फोन करा.

आता कानांबद्दल, कारण यात आपण सगळ्यात जास्त हयगय करतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या 14 गोष्टी मांडल्या. त्या सगळ्यांवर काम झालं तर जगातला सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, अधू दृष्टी हे सगळं त्यात आहे, आणि कमी ऐकू येणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर केलेला श्रवणयंत्रांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर श्रवणयंत्राने फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच जास्त धोका होता, त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. श्रवणयंत्र म्हणजे जादू नव्हे, पण इतकी आशा असताना ते कपाटात पडून राहावं, हे मला सहन होत नाही.

आणि ते कपाटातच असतं! घरोघरी विचारते तेव्हा एकच उत्तर मिळतं, “मशीन आणलंय हो, पण घालतच नाहीत.” का घालत नाहीत? त्यातून शिट्टी वाजते, भांडी आपटल्याचा आवाज डोक्यात जातो, कानात टोचतं. विकत घेतल्यानंतर ते पुन्हा जुळवून घ्यायला ऑडिओलॉजिस्टकडे कुणी नेलेलंच नसतं. मेंदूला त्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, थोडा वेळ लावायचं, मग वेळ वाढवायचा. आधी कानातला मळ तरी काढून घ्या, कित्येकांचं तेवढ्यानेच भागतं. ऐकू न येणाऱ्या आजीला घरात कुणी काही सांगत नाही, ती हसण्यात सामील होत नाही, मग स्वतःच खोलीत जाऊन बसते. तिच्या मेंदूला दिवसभर काही कामच उरत नाही.

तीच गत हातातलं काम काढून घेण्याची. गावची आई पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवर आणली की मुलगा मायेने म्हणतो, “आता तू फक्त बस.” तिची भिशी, भजनी मंडळ, शेजारणी, परसातली भाजी हे सगळं एका दिवसात सुटलेलं असतं, त्यात हे बसणं. तिला मेथी निवडू द्या, दुधाचा हिशेब ठेवू द्या, नातवंडांना गोष्ट सांगू द्या. चूक झाली तर होऊ द्या. रोज अर्धा तास चालायला कुणीतरी सोबत जा. आणि चाळिशीतल्या माणसांनो, तुमचा स्वतःचा रक्तदाब मोजा. वरचा आकडा आत्तापासून 130 च्या आत ठेवणं हे तुमच्या सत्तरीसाठी आहे.

ज्या घरात आजार आधीच आला आहे, तिथली सून, मुलगी किंवा म्हातारी बायको एकटी राबते आहे. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी द्या. रुग्णाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत हेल्पलाइन आणि मन खचलं तर टेलिमानसचा 14416 हा नंबर फ्रिजवर चिकटवा.

मंडळांना माझं मागणं एवढंच. रक्तदाब आणि साखर तुम्ही तपासताच, त्याच मंडपात यंदा कान तपासणारा ऑडिओलॉजिस्ट बोलवा, डोळे तपासा, आणि विसराळूपणाची चाचणी करू शकणाऱ्या डॉक्टरांना दोन तास बसवा. ज्यांना परवडत नाही, त्यांचे मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे अर्ज कार्यकर्त्यांनी तिथेच भरून द्यावेत. 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना त्यातून साहाय्यक साधनांसाठी 3000 रुपये मिळतात. जिना उतरता न येणाऱ्यांसाठी एक रिक्षा ठेवा. आणि डीजेच्या भिंती लावू नका. तुमच्या विशीतल्या पोरांचे कान त्याच मिरवणुकीत जात आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या, शिबिराची तारीख ठरवा आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी, दार ठोठावून, आजी-आजोबांना स्वतः सांगून या.