मसाल्याला गावही असावे

हैदराबाद मराठी माणसाला परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्या शहरातील अंबरपेठेसारख्या गजबजलेल्या वस्तीत केवळ निवडक मसाले आणि चहा विकणारे दुकान निघावे, ही कल्पना वरवर चैनीची वाटेल. बेगमबाजारात मसाल्यांची घाऊक उलाढाल चालते आणि इराणी हॉटेलांत चहा दिवसभर तयार असतो, तेथे आणखी एका दुकानाची गरज काय, असे कोणीही विचारील. आमच्या मते गरज आहे. मात्र ती आकर्षक डब्यांची नव्हे, विश्वासाची आहे.

अख्ख्या मसाल्याची परीक्षा डोळे आणि नाक करतात. तो दळला गेला की ग्राहक आंधळा होतो. तिखटात विटेची पूड, हळदीत शिशाचा विषारी पिवळा रंग, मिऱ्यांत पपईच्या बिया, एकदा उकळलेली चहापत्ती वाळवून पुन्हा रंगवलेली. हे प्रकार जुनेच आहेत. १९५४ साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला, २००६ साली अन्नसुरक्षा कायदा आला. तथापि प्रत्येक पुडीमागे निरीक्षक उभा करता येत नाही. तेथे दुकानदाराची सचोटी हाच खरा पहारा.

म्हणूनच अशा दुकानाने मसाला ग्राहकासमोर दळून द्यावा, माल कोणत्या गावचा आणि कोणत्या हंगामाचा हे सांगावे. चहा भोवतालचा वास चटकन ओढून घेतो. तो मसाल्यांपासून दूर, बंद डब्यात ठेवण्याइतकी जाण त्याला असावी. आणि पन्नास ग्रॅम मागणाऱ्या गरीब गृहिणीलाही तितक्याच आदराने माल मिळावा. एरवी शुद्धता ही केवळ श्रीमंतांची मिरास ठरेल.

गावाच्या नावाला मोल असते. दार्जिलिंगच्या चहाला २००४ साली देशातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. तेलंगणातही निजामाबादची हळद प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय २०२५ साली तेथेच आले. परंतु नावाचा भाव दुकानदाराने घ्यायचा आणि शेतकऱ्याने पोत्याच्या भावाने माल द्यायचा, असे झाल्यास मानांकन म्हणजे निव्वळ शिक्का.

हा प्रश्न आमच्याही दाराशी आहे. काणकोणच्या खोला मिरचीला असे मानांकन लाभले आहे. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची खरेदी करताना म्हापसा-मडगावच्या बाजारात आमच्या गृहिणी मिरची कुठली, हे आधी विचारतात आणि मग भाव करतात. ते विचारणे म्हणजे हट्ट नव्हे, जागृत ग्राहकाचा हक्क आहे. अंबरपेठ असो वा म्हापसा, ज्या दुकानात या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेल त्याचे स्वागत करावे. जेथे ते टाळले जाईल, तेथून ग्राहकाने पिशवी रिकामीच परत आणावी.