हेज फंडांनी घेतला म्हणून तुम्ही घेणार?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण पैसे लावायच्या आधी वाचा.

आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकाच साच्यातल्या बातम्या फिरतायत. "अमुक कंपनीत हेज फंडांची संख्या वाढली!" "तमुक बड्या फंडाने हिस्सा दुप्पट केला, तुमच्याकडे आहे का हा शेअर?" मूळ बातमी कुठल्या तरी इंग्रजी साइटवरची, भाषांतर मशीनचं, खाली हिरवे बाण. आता अमेरिकेतले शेअरसुद्धा मोबाइलवरून घेता येतात, त्यामुळे टपरीवर चहा पिताना "बफेटनं काय विकलं" यावर चर्चा झडते. चर्चा करायला माझी काही ना नाही. पण एसटीतून रिटायर झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी या एका ओळीच्या जोरावर शेअरात जाते, तिथे मला बोलावंसं वाटतं.

हेज फंड म्हणजे काय, हे आधी दोन वाक्यांत. श्रीमंतांचा आणि मोठ्या संस्थांचा पैसा घेऊन, बाजार चढो की पडो, दोन्हीकडून कमवायचा प्रयत्न करणारी मंडळी. तेजीही करतात, मंदीही करतात, कर्ज काढूनही खेळतात. तुमच्याआमच्या म्युच्युअल फंडासारखे ते नाहीत आणि तुमच्यासाठी तर मुळीच काम करत नाहीत.

मग त्यांनी काय घेतलं हे जगाला कळतं कसं? अमेरिकेत १९७५ साली संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. १० कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेचे ठरावीक शेअर सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेनं दर तिमाहीला आपली यादी बाजार नियामकाकडे द्यायची. त्या कागदाचं नाव फॉर्म १३-एफ. हेतू चांगला होता. मोठा पैसा बाजारात कुठे एकवटतोय यावर सरकारची आणि लोकांची नजर राहावी. म्हणजे हा कागद देखरेखीसाठी आहे. त्याची टिप कुणी केली, तर साइटवाल्यांनी आणि त्यांच्या मागून आमच्या धंद्यानं.

आता गंमत बघा. तिमाही संपल्यावर हा कागद द्यायला ४५ दिवसांची मुदत असते. ३० जूनला फंडाकडे काय होतं ते १४ ऑगस्टला कळतं. फंडानं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला शेअर तुमच्या ग्रुपवर "ताजी खरेदी" म्हणून येतो तेव्हा साडेचार महिने उलटलेले असतात. आणि १ जुलैला त्यानं तो विकून टाकला असेल तर? त्याचा पत्ता लागायला नोव्हेंबर उजाडतो. लासलगावचा जूनचा भाव बघून ऑगस्टात कांद्याचा सौदा कोण करतो हो? शेतकरी करत नाही. पण तोच शेतकरी, पोरानं मोबाइलवर दाखवलं की, चार महिन्यांपूर्वीच्या यादीवर शेअर घेतो.

शिळेपणा एकवेळ चालवून घेऊ. अर्धवटपणाचं काय? या यादीत फंडाने घेतलेले शेअर दिसतात, पण त्यानं केलेले मंदीचे सौदे, म्हणजे शॉर्ट, दिसतच नाहीत. समजा एखाद्या फंडानं एका औषध कंपनीचा शेअर घेतला आणि तिच्याच जोडीच्या दुसऱ्या कंपनीत मंदी केली. त्याचा सगळा डाव दोघींतल्या फरकावर आहे. आपल्याला दिसते फक्त पहिली. तराजूचं एकच पारडं बघून वजन सांगायचा प्रकार आहे हा. बाकी सोडा, या कागदांवर अमेरिकी नियामक स्वतःच लिहून ठेवतो की त्यातली माहिती बरोबर आणि पूर्ण आहे की नाही हे आम्ही ठरवलेलं नाही. ती ओळ कधी फॉरवर्ड झालेली पाहिलीय?

ऑप्शनचा तर आणखीच घोळ. मायकेल बरी हे नाव २००८ च्या मंदीवरच्या सिनेमामुळे आपल्याकडेही माहीत झालंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या फंडाची यादी बाहेर आली आणि जगभर मथळे झाले की बरीनं पॅलँटिर कंपनीविरुद्ध ९१.२ कोटी डॉलर लावले. मग त्यानं स्वतः खुलासा केला, मी त्यावर खर्च केलेत ९२ लाख डॉलर! शंभरपट फरक. कारण त्या फॉर्ममध्ये पुट ऑप्शनची किंमत त्यामागच्या शेअरांच्या पूर्ण बाजारभावानं मांडतात. फॉर्म खोटा नव्हता. तो वाचायचे कष्ट न घेता मथळा देणारे खोटे ठरले. काहीच दिवसांत त्याच्या फंडाची नियामकाकडची नोंदणीही संपली. म्हणजे त्याच्या यादीवर जगणाऱ्यांची पुढची यादीही गेली.

यावर एक जण नक्की म्हणणार, "साहेब, हे अपवाद झाले. पण शंभर हुशार माणसं एकच शेअर घेतात तेव्हा काहीतरी बघूनच घेत असतील ना?"

बरोबर प्रश्न आहे. म्हणून व्हॅलियंटची गोष्ट सांगतो.

व्हॅलियंट ही कॅनडातली औषध कंपनी. संशोधनावर फार खर्च करायचा नाही, दुसऱ्यांची औषधं विकत घ्यायची आणि दर वाढवायचे, हा तिचा धंदा. फेब्रुवारी २०१५ मध्ये हृदयरोगावरची दोन जुनी औषधं तिनं घेतली आणि एका फटक्यात एकाचा दर ५२५ टक्के, दुसऱ्याचा २१२ टक्के वाढवला. हेज फंड तिच्यावर फिदा होते. एकाच शेअरात इतक्या फंडांनी मुक्काम ठोकला की अशा शेअरला वॉल स्ट्रीटवर "हेज फंडांचं हॉटेल" म्हणतात. बिल ॲकमनच्या पर्शिंग स्क्वेअरनं २०१५ च्या सुरुवातीला सरासरी १९६ डॉलरच्या आसपास मोठा हिस्सा घेतला. ऑगस्ट २०१५ मध्ये भाव २६० च्या वर. त्या दिवशी कुणी "किती हुशार लोकांकडे आहे" हे मोजून शेअर निवडला असता तर व्हॅलियंटच हाताला लागला असता.

मग ऑक्टोबर आला. कॅलिफोर्नियातल्या आर अँड ओ नावाच्या एका छोट्या औषध दुकानाला व्हॅलियंटनं पत्र धाडलं होतं की तुमच्याकडे आमचं जवळपास ७ कोटी डॉलरचं येणं आहे. दुकानदार चक्रावला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे व्हॅलियंटचं एकही बिल त्याला कधी आलं नव्हतं. तो कोर्टात गेला. रॉडी बॉइड नावाच्या पत्रकारानं त्या दाव्याचा धागा पकडला आणि तो फिलिडॉर नावाच्या टपालाने औषधं पाठवणाऱ्या कंपनीपर्यंत नेला. व्हॅलियंटनं त्या कंपनीशी गुपचूप नातं जोडलं होतं. ती विकत घेण्याच्या हक्कासाठी १० कोटी डॉलर मोजले होते, पण भागधारकांना पत्ता नव्हता. पुढे भाव कोसळत गेला. मार्च २०१६ मध्ये तर एका दिवसात निम्मा.

ॲकमन साहेबांनी काय केलं? पडत्या भावात आणखी शेअर घेतले. चार तास फोनवर गुंतवणूकदारांना समजावलं. संचालक मंडळावर जाऊन बसले. आणि मार्च २०१७ मध्ये साधारण ११ डॉलरला सगळं विकून बाहेर पडले. तोटा सुमारे ४०० कोटी डॉलर. आतून बघणाऱ्याला, संचालकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला जे सावरता आलं नाही, ते बाहेरून फंड मोजून तुम्हाला कळणार होतं?

शंभर हुशार माणसं एका शेअरात असली म्हणजे शंभर स्वतंत्र अभ्यास झाले असं नसतं. बरेचदा तीन-चार अभ्यास असतात आणि बाकीचे एकमेकांच्या याद्या बघून आलेले असतात. शिवाय बाहेर पडायची वेळ आली की दार एकच. जितके फंड जास्त, तितकी त्या दारात चेंगराचेंगरी. म्हणजे ज्या आकड्याला तुम्ही भक्कमपणाची खूण समजता, तो धोक्याचीही खूण असू शकतो. काही फंडांची निवड खरंच चांगली असते, हे मान्य. पण कुठल्या भावाला घेतलं, किती दिवसांसाठी, चूक ठरली तर किती सोसायची तयारी आहे, यातलं काही त्या यादीत नसतं. त्याच्या नुकसानीनं त्याचं घर चालायचं थांबत नाही.

आता आपल्या देशात येऊ, कारण हाच खेळ इथे "एफआयआयने हिस्सा वाढवला" आणि "दिग्गजाची एन्ट्री" या नावानं चालतो. आपल्या कंपन्यांना तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारकांचा तक्ता शेअर बाजाराला द्यावा लागतो. एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या सार्वजनिक भागधारकांची नावं त्यात असतात. अमेरिकेपेक्षा मुदत कमी, ही आपली जमेची बाजू. पण नाव दिसलं म्हणजे माणूस दिसला असं नाही. परदेशी फंडाचं नाव असतं, त्यामागे पैसा कुणाचा, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

येस बँक आठवते ना? नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात राकेश झुनझुनवाला यांनी तिचे जवळपास १.३ कोटी शेअर ६७ रुपयांच्या आसपास घेतल्याचं बाजाराच्या आकडेवारीत दिसलं. त्यांनी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हिशेबानं घेतले, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही. पण चॅनेलांनी त्याचा ढोल केला. चार महिन्यांनी, ५ मार्च २०२० ला, रिझर्व्ह बँकेनं निर्बंध लावले, खात्यातून ५०,००० रुपयांच्या वर काढता येईनात. दुसऱ्या दिवशी शेअर काही काळ सहा रुपयांच्याही खाली गेला होता. मग पुनर्रचनेच्या योजनेत, शंभरापेक्षा कमी शेअर असलेले सोडून, जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं कुलूपबंद झाले. विकायचीही सोय नाही.

आणि धोक्याची घंटा काय गुपित होती? सप्टेंबर २०१८ मध्येच रिझर्व्ह बँकेनं राणा कपूर यांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंत आखडली होती. ही उघड बातमी होती, पेपरात छापून आलेली. त्या बातमीवर किती ग्रुपमध्ये चर्चा झाली?

मोठ्या खेळाडूची खरेदी म्हणजे त्याचा विश्वास, या समजुतीलाही गेल्या वर्षी चांगलाच धक्का बसलाय. जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर सेबीनं ३ जुलै २०२५ ला अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपये जप्तीखाली आणले. आरोप असा की सकाळी बँकांचे शेअर जोरात घेऊन निर्देशांक वर न्यायचा, ऑप्शनमध्ये त्याच्या कितीतरी पट उलटा सौदा करून ठेवायचा, आणि दुपारी शेअर विकून टाकायचे. कंपनीला हे आरोप मान्य नाहीत, तिनं आव्हान दिलंय, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण सकाळची ती खरेदी बघून कुणी "मोठा पैसा येतोय रे" म्हणत मागे धावला असेल, तर त्याला पलीकडचा सौदा दिसायचा काही मार्गच नव्हता.

तेव्हा या याद्या फेकून द्या का? नाही. ज्यासाठी केल्या त्यासाठी वाचा. त्याच तिमाही तक्त्यात प्रवर्तकाचे किती शेअर गहाण आहेत हेही असतं. ते वाढतायत का बघा. प्रवर्तक हळूहळू विकतोय का, लेखापरीक्षक मधेच राजीनामा देऊन गेलाय का, कर्जाचे हप्ते थकलेत का, हे बघा. कंटाळवाणं काम आहे, त्याला हिरवा बाण नसतो, म्हणून ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आमच्या पत्रकार मित्रांना एक सांगायचंय. व्हॅलियंट उघडं पडलं ते याद्या मोजून नव्हे. एका दुकानदाराच्या कोर्टातल्या दाव्याकडे एकानं लक्ष दिलं म्हणून. असे दावे आपल्या तालुका कोर्टातही पडून असतात. ठेवी परत न मिळालेल्या पतसंस्थेचे असतात, बिलं न मिळालेल्या पुरवठादारांचे असतात. ते वाचायला एसटीनं जावं लागतं, नक्कल मागावी लागते, बाबूची मनधरणी करावी लागते. त्यापेक्षा "१२ फंडांनी हिस्सा वाढवला" हे उचलून टाकणं सोपं, त्याला क्लिकही मिळतात. आपल्या पोर्टलवर गुंतवणुकीचं पान चालवणाऱ्यांनी निदान एवढं करावं. यादी कुठल्या तारखेची आहे हे मथळ्यातच छापा. "३० जूनला होता, आज आहे की नाही माहीत नाही," एवढं लिहा. बघू किती जण शेअर घ्यायला धावतात ते.

आणि ग्रुप ॲडमिन मंडळी, तुमच्यापैकी काही जण "प्रीमियम ग्रुप"चे महिन्याला पैसे घेता हे गावाला माहीत आहे. पैसे घेऊन शेअरचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. तुमचा नोंदणी क्रमांक खाली कमेंटमध्ये टाका. आणि गेल्या वर्षभरात "मोठ्या फंडानं घेतला" म्हणून सुचवलेल्या सगळ्या शेअरांची यादी तारखेसकट, त्या दिवशीच्या भावासकट द्या. निवडक नको, सगळी द्या. आजच्या भावाचा रकाना मी भरतो आणि पुढच्या पोस्टमध्ये जसाच्या तसा टाकतो.