चांगले छायाचित्र कोण घेतो : यंत्र की मनुष्य ?

शाळेची सहल परत आली की विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या मोबाइलमध्ये शेकडो छायाचित्रे साठलेली असतात. परंतु त्यांतील किती छायाचित्रांत शिल्पातील आकृती ओळखता येते, पानाच्या शिरा मोजता येतात, अथवा सोबत्याचा चेहरा प्रत्यक्षात होता तसा दिसतो? हा प्रश्न विचारला असता बहुधा ठराविक उत्तर मिळते : “आमचा मोबाइल साधा आहे. अधिक मेगापिक्सेलचा घेतला म्हणजे छायाचित्रे चांगली येतील.” हे उत्तर आम्हांस मान्य नाही. आमच्या मते उणीव पुष्कळदा यंत्रात नसून प्रकाशाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीत असते. आणि ही सवय विज्ञानाच्या तासाला, कवडीचाही खर्च न करता, लावता येण्याजोगी आहे.

प्रथम मेगापिक्सेलचा विचार करू. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष चित्रबिंदू. सहा इंच लांब व चार इंच रुंद असे छायाचित्र दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात छापावयाचे झाल्यास १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २१ लक्ष ६० हजार बिंदू पुरतात. बारा मेगापिक्सेलच्या साध्या मोबाइलात याच्या साडेपाच पट बिंदू असतात. ज्यांवर ४८ किंवा ५० हा आकडा मिरविलेला असतो असे अनेक मोबाइलदेखील सामान्यतः शेजारच्या चार-चार बिंदूंची बेरीज करून बारा मेगापिक्सेलच्या सुमाराचेच चित्र देतात. तेव्हा निव्वळ या आकड्यासाठी पैसे खर्च करणे शहाणपणाचे नव्हे.

मग खरी अडचण कोठे आहे? ती संवेदकाच्या आकारात आहे. भिंगातून आलेला प्रकाश ज्या चकतीवर पडून त्याचे विद्युत्-संकेतांत रूपांतर होते, तिला संवेदक म्हणतात. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चित्र ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर होई. मध्यम प्रतीच्या अनेक मोबाइलांतील संवेदक सुमारे ६.४ गुणिले ४.८ मिलिमीटरचा असतो. त्याचे क्षेत्रफळ एकतीस चौरस मिलिमीटरच्या आत, म्हणजे फिल्मच्या सुमारे अठ्ठाविसाव्या हिश्शाएवढे भरते. पावसात अंगणात घंगाळ ठेवले आणि शेजारी वाटी ठेवली, तर पाऊस दोहोंवर सारखाच पडतो, परंतु साठणारे पाणी सारखे नसते. मोबाइलचा संवेदक ही वाटी होय. प्रकाश विपुल असेल तर वाटीही भरते. प्रकाश तुटपुंजा असेल तर संकेत दुबळा पडतो, तो वाढवून घ्यावा लागतो, आणि चित्र रवाळ व मळकट दिसू लागते.

येथे आपले डोळे आपणांस फसवितात. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाचे मान सुमारे एक लक्ष लक्स असते, तर रात्री दिवा लावलेल्या खोलीत ते शंभर-दोनशे लक्सच्या आसपास असते. हा फरक शेकडो पटींचा आहे. तरीही डोळे जुळवून घेत असल्यामुळे आपल्याला खोली चांगली उजळलेली वाटते. मोबाइल मात्र कमी प्रकाशात भिंगामागील नोंद अधिक वेळ चालू ठेवतो, आणि तेवढ्यात हात हलला अथवा मूल वळले की चित्र पुसट होते. यावर फ्लॅशचा उपाय फार दूर पोचत नाही. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, हा नियम पाठ्यपुस्तकात असतोच. यामुळेच सभागृहाच्या मागच्या रांगेतून फ्लॅश लावून रंगमंचाचे चित्र घेणाऱ्यास पुढच्या प्रेक्षकांच्या पाठी तेवढ्या उजळ मिळतात. त्यापेक्षा घरात असताना माणसाला खिडकीजवळ, एका बाजूने प्रकाश येईल असे बसवावे, हे किती तरी सोपे आहे.

प्रकाश किती आहे याइतकेच तो कोठून येतो याला महत्त्व आहे. या देशात ही विद्या नवी नाही. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली होती. १८८२ मध्ये राजा दीनदयाळ यांनी सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत बुंदेलखंडात फिरून तेथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली, ती अवजड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या बरोबर वाहून. काचेची एकेक पट्टी मोलाची असताना ऊन कोणत्या बाजूचे आहे हे न पाहता चित्र घेणे परवडण्यासारखे नव्हते. आज चित्राला मोल उरले नाही, म्हणून पाहणेही उरले नाही, अशी स्थिती झाली आहे. गावच्या देवळापुढील वीरगळ किंवा झिजलेला शिलालेख भर दुपारी टिपला तर दगड सपाट दिसतो. तोच सकाळी अथवा सायंकाळी, ऊन तिरपे येत असताना टिपला, तर प्रत्येक खाचेत सावली उतरते आणि अक्षरे उठून दिसतात. दोन्ही वेळी यंत्र एकच असते.

काही जण म्हणतील, आता यंत्र स्वतःच सर्व ठरविते. मग मनुष्याने शिकावे कशाला? त्यांनी काळ्या म्हशीच्या पाठीवर बसलेल्या पांढऱ्या बगळ्याचे चित्र घेऊन पाहावे. म्हशीने चौकट व्यापलेली असली की यंत्र काळेपणा उजळावयास जाते, आणि बगळा पिसांचा मागमूस नसलेला पांढरा डाग होऊन बसतो. आपणांस बगळा हवा आहे, म्हैस नव्हे, हे यंत्राने कसे जाणावे? पडद्यावर बगळ्यास बोटाने स्पर्श करावा, पुष्कळ मोबाइलांत शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह किंचित खाली ओढावे, म्हणजे पिसे दिसू लागतात. झूमचेही तसेच. ज्या मोबाइलात दूरचे दाखविणारे निराळे भिंग नसते, तेथे दुप्पट झूम म्हणजे चित्राचा मधला चौथा हिस्सा कापून मोठा करणे होय. बारा मेगापिक्सेलचे तीनच उरतात. चार पावले पुढे चालावे, हे उत्तम. चेहऱ्याच्या बाबतीत उलट करावे : फार जवळून घेतल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात, म्हणून थोडे मागे सरावे. आणि सर्वांआधी भिंगावरील बोटांचे तेलकट डाग मऊ सुती कापडाने पुसावेत. कारण त्या डागांवरच प्रकाश विखुरतो आणि सारे चित्र धुक्यात बुडाल्यासारखे होते.

यंत्रावर सर्वस्वी विसंबण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. आजचा मोबाइल अनेक चित्रे भराभर घेऊन त्यांचे एक करतो, कडा ठळक करतो, त्वचेवरील खुणा पुसतो. २०२३ मध्ये एकाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र ठेवून ते मोबाइलने टिपले, तेव्हा मूळ चित्रात नसलेले बारकावे मोबाइलच्या चित्रात उमटले. सुशोभित चेहरा ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे. परंतु विद्यार्थी पिकावरील कीड, रोपाचे पान किंवा ढगांचे प्रकार टिपतो, तेव्हा चित्र ही साक्ष असते. त्या साक्षीत यंत्राने स्वतःच्या पदरची भर घातली तर निरीक्षणाचा पायाच ढळतो. अशा वेळी सुशोभनाच्या सोयी बंद ठेवाव्यात, वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवावी, तारीख, वेळ व ठिकाण वहीत नोंदवावे, आणि मूळ चित्र न बदलता जपावे.

मोबाइल शाळेत आणल्याने मुलांचे लक्ष विचलित होते, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु येथे प्रत्येक मुलाच्या हाती मोबाइल देण्याचे कारणच नाही. शिक्षकांचा एक पुरे. एक जुने नाणे घ्यावे. ते सकाळी खिडकीत तिरप्या प्रकाशात, दुपारी उघड्या अंगणात आणि मग अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून, असे तीन वेळा टिपावे. तिन्ही चित्रे वर्गास दाखवून, कोणत्या चित्रात अक्षरे वाचता आली आणि का, एवढेच विचारावे. मुले एकमेकांचे म्हणणे खोडून काढतील, पुन्हा खिडकीशी धावतील, नाणे फिरवून पाहतील. प्रकाशाचे परावर्तन आणि व्यस्त वर्गाचा नियम त्यांना त्या दिवशी पुस्तकाबाहेर भेटेल. पुढील सहलीस निघताना ती मुले ऊन कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहतील, आणि मग मोबाइल मागतील.